हलू नको, माप चुकतंय

चूक माझी होती, मुलीची नव्हती. एवढं साधं वाक्य मला तीन वर्षं बोलता आलं नाही. घराबाहेर तर आजच पहिल्यांदा — तुम्हाला सांगतोय.

पाटोद्यात माझं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवतो. राधा नऊ वर्षांची असताना तिचं काळीज बसल्या जागी एकाएकी धावायला लागायचं. "पप्पा, तुमच्या मशिनीवानी पळायलंय," असं हसत सांगायची. पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि ठोक्यांची वीज वाहणारी तिथली एक जादा वाट गोठवून बंद केली. जाळूनही करता येतं, पण ती वाट मूळ वाटेला अगदी खेटून होती. मूळ वाटेला इजा झाली तर ठोके चालू ठेवायला जन्मभरासाठी छातीत यंत्र बसवावं लागतं. गोठवताना आधी थोडं गार करून बघता येतं, धोका कमी — पण शून्य नाही. म्हणून कागदावर माझी सही. आणखी एक बजावलं होतं. गोठवलेली वाट कधीकधी परत उघडते. तसं झालं तर लगेच या.

सही अशी वाकडीतिकडी झाली, की माझंच नाव मला वाचता येईना. ती सही परत करायची नव्हती मला. दुसरं काय सांगू?

वर्षभरानं, जूनमध्ये, तिच्याच गणवेशाचं माप घेत होतो. छातीभोवती टेप धरली आणि बोटांखाली — तेच.

"पप्पा, परत व्हायलंय."

"हलू नको. माप चुकतंय."

सत्तावीस. वहीत लिहिलं.

त्यानंतर तिनं ते परत सांगितलं नाही. धडधड थांबवायला डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, दुकानामागच्या बादलीतल्या गार पाण्यात तोंड बुडवायची. दोनदा पाहिलं मी. दोन्ही वेळा मशीन जोरात चालवली. पोरगी कशी आहे, असं गिऱ्हाईक विचारायचं. ठणठणीत, म्हणायचो.

दिवाळीच्या तोंडावर ती शाळेत चक्कर येऊन पडली. पुण्यात डॉक्टरांनी विचारलं, हे परत कधीपासून? मी म्हणालो, आजच कळलं. राधा खाटेवर जागी होती. तिची आई, सुनंदा, तिच्यावरच चिडली — "सांगायचं न्हाई व्हय गं?" राधा छताकडं बघत राहिली. मीही.

वाट पुन्हा गोठवली. राधा आता तेरा वर्षांची आहे, बरी आहे. पण दुखणं लपवायची खोड असलेली मुलगी, असं तिचं नाव घरात पडलं, ते पडलंच. गेल्या महिन्यात दुपारी जेवताना ती खोकली, तर सुनंदा म्हणाली, "हिला इचारून काय उपेग? ही सांगती व्हय?" राधानं भाकरीचा तुकडा मोडला. मला काही वाटलं नाही. वाटायचं केव्हाच बंद झालं होतं.

तरी तोंड उघडलं.

"तिनं सांगितलंतं, सुनंदा. पयल्याच दिवशी, मला. मीच गप केलं तिला."

मग राधाकडं वळलो.

"खोटं मी बोललो, आन् बोलणी तू खाल्लीस. माझं चुकलं, पोरी."