दाजींची हाक

दुसऱ्याच्या बोटांची आमच्या दाजींइतकी काळजी करणारा माणूस खोपोलीपासून कर्जतपर्यंत सापडणार नाही, आणि एका शब्दात माझा सौदा मोडणाराही. माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा कुंभिवलीच्या एका कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर होता. तिथली रीत अशी, की चालवणाऱ्याने आधी ‘हात!’ असं ओरडायचं, समोरच्या जोडीदाराने दोन्ही हात वर करून दाखवायचे, मगच पेडल दाबायचं. एकदा दाजी रजेवर असताना बदली माणूस ओरडायला विसरला आणि जोडीदाराची बोटं गेली. तेव्हापासून दाजींची झोप उडाली, रजा बंद झाली आणि ती हाक घरी आली.

ताईने कुकरचं झाकण उचललं की ‘हात!’ शेजाऱ्याने कपाट लोटलं की ‘हात!’ दाजींच्या भाचीच्या लग्नात अंतरपाट सरकताना हाक आली, तेव्हा नवरदेवाने हार टाकून दोन्ही हात वर केले. लोक हसले. मीही हसलो, कारण तोवर माझं काही गेलं नव्हतं.

मी चौकला जुने टेंपो घेतो-विकतो. एका चिवट गिऱ्हाइकाशी सकाळपासून घासाघीस करून मी त्याला वाकवलं होतं. गाडी दणकट आहे हे दाखवायला मी दार जोरात लोटलं, तेवढ्यात पाळी संपवून आलेल्या दाजींची मागून हाक, ‘हात!’ गिऱ्हाईक टुणकन मागे उडालं. म्हणालं, ‘शेठ, या गाडीत कायतरी हाय. मला नको.’

‘दाजी, माझं नुकसान केलंत!’

‘गिऱ्हाईक दुसरं येईल रं. त्याचा अंगठा फटीत होता.’

‘अंगठा? तो माणूसच पार पलीकडे उभा होता!’

‘तू भाव बघत होतास. मी बोटं बघत होतो.’

डॉक्टर म्हणाले, झोप हवी तर प्रेस सोडा. दाजींचा एकच सवाल, ‘मग वरडंल कोन?’ शेवटी कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. आता त्यांना झोप लागते. हाक मात्र गेली. घर शांत झालं असं ताई सांगते, आणि सांगताना कुकरचं झाकण धरून उगीच थांबते.

परवा त्यांना टेंपोतून घरी सोडायचं होतं. ते आत बसले. मी दार लावायला गेलो, तर दाजी मुकाट समोर बघत होते. त्या सौद्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तरी माझा हात दारावरच अडला.

‘हात!’ मी ओरडलो, जरा जास्तच जोरात.

दाजींनी वळूनही पाहिलं नाही. फक्त दोन्ही हात सावकाश वर केले, आणि दार लागल्यावरही थोडा वेळ तसेच धरून ठेवले.