आमटी नेमकी कोणाची?

पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली." मी म्हटलं, "अरे, असं कसं?" नव्वदीच्या बाईबद्दल असं विचारणं म्हणजे वेडेपणाच... पण खरं सांगते, मला पोचवूनच ही जाईल अशी माझी खात्री होती. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. महिना होऊन गेला, तरी आधी गेल्याबद्दल तिचा राग येतो.

साठ सालच्या सुमारास लग्न होऊन मी वाईहून महाडजवळच्या नाते नावाच्या गावी आले. आईने सोबत गोड्या मसाल्याची बरणी दिली होती. ताईने झाकण उघडून आत डोकावलं. "चुलीतली राख आनलीस काय गो? आमच्यात नाय चालत असला घाटी मसाला." बरणी गेली वरच्या फळीवर. ताई तिथल्याच तुडील गावची, तिची आमटी लाल मिरची, ओलं खोबरं नि आमसुलांची. चांगलीच असायची, पण पहिल्याच घासाला मला माहेर आठवायचं. मिसळणाचा डबा तिच्या ताब्यात, मी आपली कांदा चिरायला. एकदा तरी माझ्या चवीची आमटी या घरात शिजावी, एवढंच मला हवं होतं. त्यापायी चुलीशी बसून रडलेही आहे. सबबीला धूर होताच.

मग एकदा ताई तापाने फणफणली. मी बरणी खाली काढली, सढळ हाताने मसाला घातला, वर गुळाचा खडा. दगडफुलाचा वास घरभर सुटला. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिला भुरका मारला नि थांबले.

"ही आमटी कोणी केली?"

आवाज चांगलाच करडा. मी तोंड उघडायच्या आत माजघरातून, घोंगडीखालून ताई कण्हत म्हणाली, "मी सांगितली तशीच केलीय तिनं. बोलायचं तं मला बोला."

"बोलतो काय! इतकी वर्षं का नाय केलीस अशी? वाढा आणखी."

झालं! बिचारी माझ्या वाटचा ओरडा अंगावर घ्यायला निघाली, आणि माझं कौतुक पदरात पाडून बसली. मी तणतणत आत गेले, "ताई, त्यांना खरं सांगा!"

"आता कसं सांगू गो? म्हनतील, तापात बडबडतेय." आणि हसता हसता तिला असा ठसका लागला, की मलाही हसू आवरेना.

त्यानंतर डबा दोघींचा झाला, आमटी मात्र 'थोरलीची'च राहिली. मामंजी फर्माईश तिला करायचे, ती डोळे मिचकावून मला म्हणायची, "घाल गो तुजी राख." पाहुण्यांसमोर मी चिडून "माझी आहे हो ती!" म्हणायचे, ती साळसूदपणे मान डोलवायची. जन्मभर हे भांडण आम्ही चवीने भांडलो.

गेल्या आठवड्यात पुतण्या जेवायला आला. आमटीचा भुरका मारला आणि त्याचे डोळे भरले. "काकी, अगदी आईची चव!" 'माझी आहे रे ती' अगदी ओठांवर आलं होतं... पण भांडायला समोर ती कुठे होती?

"तिचीच आहे रे," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.