शेवटचा फर्मा

बाबांना वाचनालयात सगळे 'खोडरबर' म्हणत, तेही तोंडावर. चौतीस वर्षं त्यांनी मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं बांधली. पुस्तकात कुणी पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, की खिशातून खोडरबर काढून, लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते खोडायचे. 'माझ्या हातून एक पान कधी इकडचं तिकडे झालं नाही,' हे ऐकून तर आमचे कान किटले होते.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला असताना वाचनालय नव्याने सजवायला एक चित्रकार बाई आल्या. विषयवार लावलेली कपाटं त्यांना नको होती. प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं वाक्य भिंतीवर लावायचं, ज्याला जे भावेल त्याने ते पुस्तक उचलायचं. मला कल्पना झकास वाटली. बाबांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

आठ दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा गार व्हायचा, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. घरी आले की एकच, "आज सहाव्या कपाटापर्यंत आल्या." शेवटी मी वैतागले.

"बाबा, काय घोळ घातलाय तुम्ही?"

"तुझी आई दवाखान्यात होती ना, तेव्हा एक कादंबरी वाचत होती. शेवटी त्यातली बाई मरते."

"मग?"

"मग काय! पानं निसटलीत, शिवून आणतो म्हणालो. शेवटची सोळा पानं, अख्खा फर्मा उसवला आणि बागकामाच्या पुस्तकाचा जोडला."

"आणि कादंबरीचा?"

"तो बागकामात."

मला हसूच फुटलं. म्हणजे बावीस वर्षं ती बिचारी गुलाबाच्या कलमांनंतर मरत होती, आणि कुणाची तक्रार नाही! शेवटपर्यंत वाचतो कोण म्हणा.

बाबा हसले नाहीत. "नाव जाईल, जाऊ दे. पण तिच्या हातात शेवटचं पुस्तक दिलं, ते खोटं दिलं गं. ती त्यावर एक शब्द बोलली नाही. गेली. त्यानंतर मी ते उघडलेलं नाही."

आता मलाही बसवेना. आपण होऊन सांगून टाका म्हणत मी त्यांना दुसऱ्या दिवशी जवळजवळ ओढतच नेलं. तर चित्रकार बाई तपकिरी कापडाचं पुस्तक घेऊन समोरच उभ्या, शेजारी ग्रंथपाल साहेब.

"काका, हे बघा ना! कादंबरी संपते ती खत कधी घालावं यावर. आणि खाली कुणीतरी लिहिलंय."

"ते मीच केलंय," बाबा म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग बाबांनी पुस्तक हातात घेतलं. 'पहिलं फूल येईपर्यंत धीर धरावा' या ओळीखाली पेन्सिलीने, आईच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'शिवणीतला टाका तुमचाच. कळलं हो मला. गुलाब मात्र लावा.'

बाबा स्टुलावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

साहेबांनी वाकून ती ओळ पाहिली. "पेन्सिलीचंच आहे," ते चाचरत म्हणाले. "खोडायचं का?"

बाबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच घट्ट बसला.

"कुणी हात लावाल तर याद राखा!"