तक्तेरावांची दुपारची बुडी

तक्तेरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी ठाऊक असावं, असा गोदीतल्या लोकांचा अंदाज होता. बाकी सगळ्यांना ते तक्तेरावच. पेशानं पाणबुड्या. धक्क्याच्या पायथ्याशी बुडालेल्या साखळ्या, तुटलेले लोखंडी खांब, कुणाच्या तरी निष्काळजीपणानं पाण्यात पडलेलं इंजिन, असलं सगळं हुडकून वर काढायचं हे त्यांचं काम. उभी हयात त्यांनी एका प्लॅस्टिकच्या तक्त्याशी संसार केला. बायकोशीही केला, पण तिथं त्यांना अधूनमधून तोंड उघडायला मिळायचं.

तक्त्याचं शास्त्र तसं सोपं. खोल पाण्यात माणूस दाबाखाली हवा ओढतो आणि तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. घाईनं वर आलं की तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. मग सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात, कधी माणूसच हातचा जातो. म्हणून वर येताना दोर धरून थांबे घ्यायचे, आणि कुठे किती थांबायचं ते तक्ता सांगणार. हा तक्ता स्वभावानं संशयी. तुम्ही तळाला नुसते टेकून आलात तरी सगळा वेळ तळाशीच होतात, असं तो धरून चालतो. तक्तेरावांना त्याचा हा गुण फार आवडे. स्वतःचे गुण कुणाला आवडत नाहीत?

घरात एक तक्ता ओट्यावर होता, एक न्हाणीघरात आरशाशेजारी. लेकीनं लग्न ठरवलं आणि मुलाला घरी आणलं, तेव्हा तक्तेरावांनी त्याला बसा म्हणायच्या आधी विचारलं, "पस्तीस मीटर, अर्धा तास. थांबे किती?"

मुलगाही पाणबुड्याच होता. तो म्हणाला, "मनगटावर बघून सांगतो."

तक्तेराव लेकीकडे वळले. "मुलगा पाणबुड्या आहे म्हणालीस. घड्याळवाला आहे, हे कुठं बोलली होतीस?"

लेकीनं लग्न केलं ते केलंच. आता तिघं एकाच कामावर. सासरा आणि जावई जोडीनं पाण्यात, आणि लेक वर बोटीवर त्यांचे दोर धरून बसलेली. जावयाच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर. तो क्षणाक्षणाची खोली मोजतो, उथळ पाण्यात घालवलेल्या वेळाची सूट देतो आणि त्यामुळे माणसाला लवकर सोडतो. म्हणजे झालं असं, की जावयाचे थांबे संपायचे आणि सासऱ्याचे उरायचे. एकट्या म्हाताऱ्याला दोरावर लटकत ठेवून वर कसं जायचं, म्हणून जावई बिचारा गारठत शेजारी लटकायचा. तक्तेराव हा वेळ अगदी चवीनं घालवत. जमिनीवर जावयाचा मान ठेवावा लागतो. पाण्याखाली ते तो व्याजासकट वसूल करत. शिवाय तिथं जावई बोलू शकत नसे, हे सुख वेगळंच.

साठाव्या वाढदिवसाला जावयानं सासऱ्याला तसाच एक कॉम्प्युटर भेट दिला. "वा!" तक्तेराव म्हणाले. "आता पाण्याखाली माशांना वेळ सांगत फिरतो." डबा कपाटात गेला. लेक मात्र बापावर गेलेली. दर कामाच्या आदल्या दिवशी ती कॉम्प्युटर चार्ज करायची आणि बापाच्या पिशवीत सारायची. बाप तो तसाच परत आणायचा. या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी सकाळी बुडालेल्या तराफ्याला साखळी बांधायची होती. पाणी बर्फासारखं. काम झालं, आणि मग तक्त्यानं सांगितलं तेवढं लटकणं झालं. जावई थांबे संपल्याचं दाखवणारं मनगट पाठीमागे लपवून शेजारी लटकला. तक्तेराव वर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

"बाबा, आज पुरे करा," लेक म्हणाली.

"मी दमलोय असं तुला कोण म्हणालं? तुझा नवरा?"

दुपारी क्रेननं ओढ दिली आणि साखळी निसटली. पुन्हा खाली जाणं आलं. तक्तेरावांनी केबिनमध्ये तक्ता उघडला. दुसऱ्या बुडीला तक्ता सकाळचा सगळा हिशोब काढतो: अंगात मुरलेलं अजून पुरतं उतरलेलं नाही, तेव्हा आता सकाळहून जास्त लटका. तक्तेरावांनी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. आकडे काही दया दाखवेनात. गारठ्यानं हाडं अजून कुरकुरत होती. आणि साठीनंतर थंड पाण्यात फार वेळ लटकायला आणखी एक अडचण असते. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, आपणही सांगायला नको.

पिशवीत कॉम्प्युटर होता. त्यांनी बटण दाबलं. यंत्र कसं आनंदात! मागचं काही नाही, पुढे सगळं मोकळं, या, बसा. एवढी आपुलकी तक्त्यानं त्यांना जन्मात दाखवली नव्हती. नव्या पोरांना "सकाळची बुडी विसरलास तर दुपारी मेलास" असं दरडावणाऱ्या तक्तेरावांनी मनाशी म्हटलं, जावयाचा दुपारी सूट देतो, तर माझा का नाही देणार? शहाण्या माणसाला मूर्खपणा करायचा झाला तरी त्याला आधी कारण लागतं. त्यांनी तो मनगटावर बांधला आणि वरून बाही ओढून घेतली.

खाली काम झटपट आटोपलं. वर येताना शेवटच्या थांब्यावर दोघं दोराला लटकले आणि बघता बघता तक्तेरावांच्या मनगटावरचा थांबा संपला. जावयाच्या मनगटावर अजून बराच वेळ शिल्लक होता. हा दिवस दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी बाही वर केली आणि कॉम्प्युटर जावयाच्या काचेसमोर नाचवला.

जावयाचे डोळे विस्फारले. त्यानं मान हलवली, हातवारे केले, वर बोट दाखवलं, पुन्हा मान हलवली. तक्तेरावांना यातलं एवढंच कळलं की गडी जळतोय. ते निघाले तसा जावयानं त्यांचा पाय धरला. घट्ट, दोन्ही हातांनी.

लग्नानंतर पहिल्यांदाच जावयानं आपला पाय धरला, याचा तक्तेरावांना क्षणभर आनंद झाला. मग तो पाय खाली ओढला जातोय हे ध्यानात आलं. हं, म्हणजे धरला नाही, ओढतोय! दुसऱ्याचे पाय ओढणारी माणसं त्यांनी गोदीत ढीगभर पाहिली होती. त्यांनी लाथ झाडली आणि वर गेले.

जावयाला त्यांच्यामागे जाता येईना. त्याचा थांबा उरलेला होता. तो मोडला असता तर वर एकाऐवजी दोन रोगी झाले असते. त्यानं दोराला धोक्याचे हिसके दिले आणि दात आवळून वेळ सरायची वाट पाहत राहिला.

वर लेक ऑक्सिजनचा मास्क घेऊन उभीच होती. "बाबा, काही होतंय?"

"काय व्हायचंय मला?" म्हणत त्यांनी मास्क बाजूला सारला आणि चहा मागितला. पेला डाव्या हातात घेतला, कारण उजवा खांदा आतून कुणी पोखरावा तसा दुखायला लागला होता. साखळी उचलली म्हणून असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

जावई वर आला. टाकीही न उतरवता त्यानं विचारलं, "बाबा, हे सकाळी कुठं होतं?"

"काय कुठं होतं?"

"तुमच्या मनगटावरचं. सकाळी तुम्ही तक्त्यावर बुडी मारलीत. तेव्हा हे कुठं होतं?"

"पिशवीत."

"मग सकाळची बुडी त्याला कुठून कळणार? त्याच्या लेखी तुम्ही आत्ता घरून जेवून आलात!"

तक्तेरावांनी पेला खाली ठेवला. या वेळी त्यांनी मास्क मुकाट्यानं लावून घेतला. ते घाबरले होते, आणि घाबरलोय हे लेकीला दिसतंय याची त्यांना लाज वाटत होती.

इस्पितळातलं चेंबर म्हणजे लोखंडाची मोठी पिंपासारखी खोली. तिच्यात माणसाला पुन्हा दाबाखाली घेतात आणि हळूहळू सोडतात. तक्तेराव एका नर्ससोबत आत झोपले. खिडकीच्या जाड काचेपलीकडे लेक, जावई आणि डॉक्टर उभे होते. जावयानं डॉक्टरांना बाजूला घेऊन दोन्ही बुड्या खऱ्या खऱ्या सांगितल्या होत्या. उतार पडेल, असं डॉक्टर म्हणाले.

मग गोदीचा सुरक्षा अधिकारी आला. त्यानं चेंबरच्या आत बोलायचा टेलिफोन कर्ण्यावर टाकला, म्हणजे आतबाहेर सगळ्यांनाच ऐकू यावं.

"सरळ विचारतो. यंत्र बिघडलं होतं, की तुम्ही नियम मोडला? यंत्राचा दोष असेल तर तुम्ही बरे होऊन पुन्हा कामावर या. गोदीतले सगळे कॉम्प्युटर मी उद्याच काढून घेतो. नियम मोडला असेल तर तुमचं पाणबुड्याचं कार्ड रद्द. पुन्हा पाण्यात जायचं नाही."

"यंत्रच बिघडलं होतं," जावई पटकन म्हणाला. "आकडे चुकीचे दाखवत होतं. मी पाहिलं."

तक्तेरावांनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरचा एवढा भक्त, आणि त्याच्याच तोंडून हे वाक्य! किती वर्षं वाट पाहिली होती त्यांनी या वाक्याची. आता फक्त हूं म्हणायचं होतं. तक्ता जिंकत होता, कार्ड वाचत होतं, आणि पाण्याशिवाय आपण काय करणार हा प्रश्नच उरत नव्हता.

"यंत्र ठणठणीत आहे," तक्तेराव म्हणाले. "सकाळी मी ते पिशवीत ठेवलं आणि दुपारी बांधलं. चूक माझी."

"म्हणजे कार्ड जाणार. समजतंय ना?"

"समजतंय."

अधिकारी निघून गेला. जावई कर्ण्याजवळ आला. "बाबा, मी सावरलं होतं ना? कशाला बोललात?"

तक्तेरावांनी बाहीनं डोळे पुसले. इथं लपवायला पाणी नव्हतं.

"जावईबापू, आता खाली तुम्ही एकटे जाणार," ते म्हणाले. "आणि वर दोर धरून माझी पोर बसणार. ते मनगटावरचं कुणाला काढू देऊ नका."