डोरिनने बाजू घेतली

डोरिन बूशार ही आमच्या हेरिक कोव्हची शास्त्रज्ञ. गावात दुसरी नाही, आणि आहे तेवढी एक पुरे, असं आम्ही तिच्या तोंडावर म्हणतो. बाप शेवंडं पकडायचा, आई सार्डिनच्या कारखान्यात डबे भरता भरता बोटं कापून घ्यायची, आणि त्यांची ही पोर ओरोनोच्या युनिव्हर्सिटीत जाऊन समुद्राचं पाणी शिकून आली. शिकली सवरली की आमची पोरं बॉस्टनचा रस्ता धरतात. ही मात्र परत आली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या दोन खोल्यांच्या संशोधन केंद्रात चिकटली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले.

तळाचं पाणी किती गार आहे ते मोजायचं आणि सापळ्यांत आलेली शेवंडं बघायची, नर किती, माद्या किती, अंड्यांवर आलेल्या किती, हे तिचं काम. त्याला बोट लागते, आणि केंद्राची ऐपत होडी घेण्याचीसुद्धा नाही. म्हणून ती गावच्या बोटींवर जाते, बहुतेक वेळा एल्डन क्राउलीच्या. एल्डन सत्तरी ओलांडलेला, तोंडाचा फटकळ. डोरिन साठीला आली तरी तिला 'पोरी' म्हणतो, आणि ती त्याला 'कॅप्टन'. आमचे लोक सरकारी माणसाला धक्क्यावर उभं करत नाहीत, डेकवर कुठलं घेतात! डोरिनला घेतात. कशामुळे घेतात, याचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं. मी कोणाचीच बाजू घेत नाही ना, म्हणून.

आणि खरंच घेत नसे. राजधानीत, ऑगस्टाला, विधिमंडळाच्या समितीपुढे कुठल्याही विधेयकावर कोणीही उठून बोलावं, अशी आमच्या राज्याची रीत आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. अध्यक्ष आधी बाजूने बोलणाऱ्यांना पुकारतात, मग विरोध करणाऱ्यांना. शेवटी उरतात ते 'ना बाजूने, ना विरोधात'. तोवर जेवणाची वेळ टळून गेलेली असते आणि अर्धी समिती जांभया देत असते. डोरिन कायम त्या शेवटच्या रांगेतली. सापळ्यांचा कायदा असो नाहीतर बंदराचा, ती उठायची, पाण्याचं काय चाललंय ते सांगायची आणि खाली बसायची. गावात तिचं नावच पडलं होतं 'तळ्यात-मळ्यात'. शनिवारी चर्चमध्ये बीन्सचं जेवण असलं की वाढणाऱ्या बायका विचारायच्या, पिवळे बीन्स घालू की लाल, की तुझं आपलं ना हे ना ते? डोरिन हसायची आणि दोन्ही घ्यायची.

मग ते विधेयक आलं. तापमानवाढीला कारण होणारा धूर राज्याने ठरल्याप्रमाणे कमी करत न्यायचा, आणि तो नुसत्या गप्पांनी नाही, कायद्याने. राज्यभरातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन त्याला जाहीर पाठिंबा दिला. डोरिनची कॉलेजातली मैत्रीण इनिड त्यांची पुढारी. तिने फोन केला. आम्ही सगळे प्रोफेसर बोलायला उभे राहिलो की लोक म्हणतात, यांना डिझेल कुठे भरावं लागतं! तू उभी राहा. पण एक सांगून ठेवते, या खेपेला पहिल्या रांगेत यायचं.

विचार करून सांगते, म्हणून डोरिनने फोन ठेवला. डिझेलवर चालणारं गाव ते. या विधेयकाचं नुसतं नाव काढलं तरी धक्क्यावर माणसं तापत होती, आणि एल्डनने तर सांगूनच टाकलं होतं की मी स्वतः ऑगस्टाला जाऊन विरोध करणार. बाजूने बोललं की डेक बंद. डेक बंद म्हणजे मोजणी बंद, आणि उभ्या हयातीचं काम तिथल्या तिथे संपलं. आणि गप्प बसावं, तर पाणी तिला गप्प बसू देईना. जिथे तिचा बाप सापळे भरभरून ओढायचा तिथे आता आमिष तेवढं परत यायचं. शेवंडं गार पाण्याच्या मागे मागे उत्तरेला सरकत चालली होती. हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि तीच तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटायला लागली.

पाठीमागून काही करायचं तिच्या रक्तात नाही. ती एल्डनच्या बोटीवर गेली. त्याच्या हातात अंड्यांवर आलेली मादी होती. अशा मादीच्या शेपटीला आम्ही खाच पाडतो आणि तिला समुद्रात सोडतो. पुढे ती कोणाच्याही सापळ्यात आली तरी खाच बघून परत सोडायची. एल्डन खाच पाडत असतानाच डोरिन म्हणाली, "कॅप्टन, मंगळवारी मी बोलणार आहे. बाजूने."

एल्डनने मादी पाण्यात सोडली. बोट धक्क्याकडे वळवली. दोर बांधून झाल्यावर म्हणाला, "तुझं सामान उचल."

तिने पेटी उचलली, तापमापकाची दोरी गुंडाळली आणि खाली उतरली. धक्क्यावर आम्ही होतो. हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

मंगळवारी समितीचा हॉल खच्चून भरला होता. एका बाजूला इनिड आणि तिची प्रोफेसर मंडळी, दुसऱ्या बाजूला रबरी बूट घातलेले आमचे बोटवाले. बाजूने बोलणाऱ्यांचा पुकारा झाला आणि डोरिन उठली. बोटवाल्यांत कुजबुज झाली. तिने समितीला नमस्कार केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाली, "मी या विधेयकाच्या बाजूने बोलते आहे." मग पाणी कसं गरम होत गेलं ते सांगितलं. ते तिला पाठच होतं.

समितीतल्या एका सभासदाने टोमणा मारला. आपलं राज्य ते केवढं! आपण धूर कमी केला म्हणून बाईसाहेब, जगाला काय फरक पडणार आहे?

डोरिन चिडली. तिला कोणी चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "खाच पाडलेली मादी आमची माणसं पाण्यात सोडतात ना, तेव्हा ती पोहत पोहत कुठे जाईल हे कोणाला माहीत नसतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पाण्यात जाईल, दुसराच तिला खाईल. तरी सोडतात. हातात आलेला पैसा सोडतात. बाजूचा पाळो न पाळो, आपण पाळायचं, हे मी कुठल्या पुस्तकात नाही शिकले. मागे बसलेत त्यांच्याकडून शिकले. आणि हे राज्य लहान आहे म्हणता?"

आमच्यातल्या कित्येकांनी टोप्या काढून हातात घेतल्या. कशासाठी, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. छाती मात्र भरून आली होती.

मग विरोधाचा पुकारा झाला आणि एल्डन उठला. डोरिनने मान खाली घातली. एल्डनने विधेयकाची सालटी काढली. डिझेल महागणार, बोटी बसणार, ऑगस्टात बसून कायदे करणाऱ्यांचं काय जातं! तोच सभासद खूश होऊन म्हणाला, म्हणजे त्या बाईंचं पाण्याचं सगळं चुकीचं आहे, असंच ना?

"मी असं म्हणालो का?" एल्डन गुरकावला. "ते पाणी माझ्या बोटीवरून मोजलंय. माझ्या डोळ्यांदेखत मोजलंय. गारठून हात निळा पडला तरी ही एकदा मोजून थांबत नाही, परत मोजते. पाणी गरम झालंय. तुमचा कायदा वाईट आहे, आणि तिचं माप खरं आहे. तिला खोटं म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा."

आणि पाय आपटत जागेवर जाऊन बसला.

बाहेर पॅसेजमध्ये डोरिनने त्याला गाठलं आणि आभार मानायला लागली. त्याने हात झटकला.

"तुझ्यासाठी नाही बोललो. आणि पुढच्या वेळी परत येऊन विरोधच करणार आहे."

"मग मला सामान का उचलायला लावलंत?"

"रागावलो होतो. माणसाने रागावू नये का?" मग हळू आवाजात म्हणाला, "पोरी, इतकी वर्षं माझ्या डेकवर उभी राहिलीस. मी सरकारवर बोललो, डिझेलवर बोललो, वाट्टेल ते बोललो. एकदा तरी म्हणालीस, कॅप्टन, तुमचं चुकतंय? नुसतं आपलं हं, हं. आम्हाला वाटायचं, आपण हिच्या भांडायच्यासुद्धा लायकीचे नाही."

डोरिनला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. आपण गप्प राहतो म्हणून ही माणसं आपल्याला घेतात, असं ती जन्मभर धरून चालली होती. ती गप्प राहायची तरी ते तिला घेत होते.

दोन बोटवाल्यांनी तिला पुन्हा डेकवर पाय ठेवू दिला नाही, हेही खरं. एल्डनची बोट मात्र आजही तिला घेऊन जाते. परवाच ती दोघं खाडीतून आत येत होती. बोट अजून दिसत नव्हती, आणि त्याचं कसं चुकतंय हे ती त्याला इंजिनाच्या वर आवाज काढून सांगत होती. तोही काही कमी नव्हता. धक्क्यावर उभं राहून आम्हाला दोघांचं भांडण शब्द न् शब्द ऐकू येत होतं. नवीन आलेल्या मासळीच्या व्यापाऱ्याने विचारलं, ही कोण बाई? आम्ही म्हणालो, आमची शास्त्रज्ञ.