राणीच्या इंदूताई

फोन आला तेव्हा मी कैऱ्या किसत होते. इंदूताईंचा भाचा नागपूरहून आलेला होता, त्यानेच सांगितलं, "मावशी गेली... पहाटे, झोपेतच." आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "राणी कुठे आहे?" लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. त्यांनीही आधी हेच विचारलं असतं!

इंदूताई लखनौच्या एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होत्या. पदराला सदैव कुत्र्याचे केस. गणपतीत त्यांना मोदक वळू द्यायची आम्हा इथल्या मराठी बायकांपैकी कुणाची छाती नव्हती. तेव्हा शहरातल्या बड्या हज़रतगंज भागात विलायती कुत्र्यांची लाटच आली होती. ज्याच्या दारात मोठं कुत्रं, तो मोठा. बर्फाच्या मुलखातलं सेंट बर्नार्ड आणि लखनौचा जेठातला उन्हाळा, सांगा आता! पिल्लू असेतो कौतुक, मग ते पंख्याखालीही धापा टाकू लागलं की फैजाबाद रोडला सोडून मोकळे. अशी कुत्री इंदूताई उचलून आणत, बरी करत, त्यांना घरं शोधत.

गेल्या वर्षी चैत्रात त्या मला शहराबाहेर चिनहटला घेऊन गेल्या, सेंट बर्नार्डचं पिल्लू बघायचंय म्हणून. पिल्लं विकणारा गृहस्थ मोठा गोडबोल्या. पिल्लं टोपलीत, गुलाबी फीत वगैरे. इंदूताई म्हणाल्या, "पहले इनकी माँ दिखाइए." तो चाचरला. पण खाण तशी माती, हे धरून बसलेली बाई हलते थोडीच! शेवटी मागची पत्र्याची शेड उघडली... आत पिल्लांची आई, राणी, पडली होती. केसांच्या जटा, सड लोंबलेले, दर खेपेला पिल्लं काढून काढून चोथा झालेली. माझे डोळे भरून आले. इंदूताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "ये तो मर जाएगी. मैं इलाज करवाती हूँ." तो लगेच कबूल झाला. "ठीक हो जाए तो लौटा दीजिएगा, बहनजी." त्यावर यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मग काय थाट! टेंपोत ओली पोती अंथरून, राणीचं डोकं माझ्या मांडीवर, आणि इंदूताई ड्रायव्हरला "भैया, गड्ढा बचाके!" म्हणून ओरडताहेत. दिवाळीपर्यंत राणी अशी काही उमलली की बघायला माणसं येऊ लागली. पण सगळ्यांचा प्रश्न एकच, बच्चे देगी? "बच्चे चाहिए तो शादी कीजिए!" म्हणून इंदूताई वाटेला लावत. घर काही मिळेना. चिनहटवाल्याचे फोन सुरूच होते. "यार सुषमा," एकदा त्या मला म्हणाल्या, "तो नेणार गं हिला. कायद्याने त्याचीच आहे." आणि थंडीत त्यांनी राणीचं ऑपरेशन करून टाकलं. आता पिल्लं होणं नाही! ही गोष्ट डॉक्टरांखेरीज फक्त मला ठाऊक.

तेराव्याला इंदूताईंच्या घरी चिनहटवाला आलाच, पांढऱ्या कुर्त्यात. "बहनजी का बड़ा अफ़सोस है... अब अपनी अमानत ले जाता हूँ." त्याचा आवाज ऐकताच राणी खाटेखाली घुसली, अर्धीच मावली. मी उठले आणि म्हटलं, "ले जाइए. बस, इसके बच्चे अब नहीं होंगे. ऑपरेशन हो चुका है." काय चेहरा झाला त्याचा! "झूठ!" म्हणाला. मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. हातातलं पाणी अर्धवट ठेवून तो चालता झाला, आणि तेराव्याच्या घरात मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. इंदूताई, जिंकलात हो!

मग एकदम उकाडा जाणवला. कूलर चालू, तरी खुर्च्यांवर सगळे घामाघूम. बघते तर कूलरच्या पट्ट्या खाली वळवून तारेने घट्ट बांधलेल्या, सगळा वारा जमिनीवर. म्हणजे आख्खा उन्हाळा बाई स्वतः उकडत झोपल्या... भाचा तार सोडायला उठला. "राहू दे रे," मी म्हटलं आणि खाली जाऊन बसले. मग एकेक करत सगळेच खाली आले.

राणी आता माझ्याकडे आहे, कूलरसकट. तार मी सोडलेली नाही. दुपारी मीच सतरंजी घेऊन खाली निजते.