चौतीस अंशांचं गाव

एप्रिलच्या शेवटी आमच्या भंडाऱ्यात सकाळी नऊलाच अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी आणि माय रोज सकाळी चहा घेता घेता मोबाइलवर कोकणातल्या एका बंदराच्या गावाचं आठवडाभराचं हवामान वाचायचो. ते गाव दोघींपैकी एकीनंही पाहिलेलं नव्हतं. समुद्र मायनं फक्त टीव्हीवर पाहिला होता, आणि तो दिसला की ती चॅनल बदलायला लावायची. माझा धाकटा भाऊ त्या गावात कामाला गेला होता, म्हणून हे रोजचं वाचन.

आम्ही मोहाडी तालुक्यातले, आंधळगावाजवळच्या एका खेड्यातले ढिवर. बाप गेला तोवर तलावात जाळं टाकत होता, त्याच्यामागे भाऊ टाकायचा. मी शिकले, मास्तरीण झाले, भंडाऱ्यात लग्न झालं. माझं घर पक्कं आहे, मोठा कूलर आहे, म्हणून माय उन्हाळ्याचे दोन महिने माझ्याकडे काढायची. भाऊ तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. तलावाचं पाणी होळीनंतर तळाला जातं, मग पावसाळ्यापर्यंत तो रिकामा. रिकामा म्हणजे पारावर बसून दुसऱ्यांची जाळी फुकटात शिवून देणारा. जाळं शिवावं ते त्यानंच. फाटकं कुठं होतं ते बोटानं चाचपूनही सापडायचं नाही.

पण कोणतंही काम त्याला टिकायचं नाही. चिखल्याला खाणीवर लावून दिला, तीन आठवड्यांत पिशवी घेऊन परत. जवाहरनगरला कंत्राटदाराकडे चिकटवला, तिथून महिन्यात परत. "करमत नाही बाई," एवढंच कारण. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मी तापट, तोंडाची फटकळ. दोन्ही वेळा मी त्याला असं काही बोलले की माझ्या नवऱ्यानं उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या वर्षी नवऱ्याच्याच ओळखीतून कोकणातलं काम निघालं. एका बोटमालकाला जाळी दुरुस्त करणारा हात हवा होता, पावसाळ्यात बोटी बंद होईपर्यंत. राहणं-खाणं मालकाचं. काम किनाऱ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, सावलीत बसून. पाण्यात उतरायचं नाही. मी मायला शंभरदा सांगितलं, तो पाण्यात जाणार नाही गं. माय जाळ्याला जायं म्हणते. ती म्हणायची, "जायं हातात असलेला माणूस पाण्यापासून किती दिवस दूर राहीन?"

त्याची पिशवी मीच भरली. पूर्ण बाह्यांचे तीन जाडे सुती सदरे, दोन मोठे दुपट्टे, खिशात ठेवायला कांदे. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडणारा माणूस असाच पडतो. डोकं, कान, मान दुपट्ट्यात घट्ट, फक्त डोळे उघडे. अंग जितकं झाकलेलं तितका जीव सुखरूप, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. स्टेशनवर गाडी सुटताना मी त्याला दम दिला, "दुपट्टा सोडजो नोको. आणि या वेळी परत आला तं माझ्या दारात येजो नोको." तो हसला. मला वाटतं, तो खरंच हसला होता.

तर ते हवामान. चहा झाला की माय विचारायची, "समुद्राचं काय म्हणते?" जसं काही समुद्र म्हणजे सासरचं माणूस आणि त्याची तब्येत विचारायची आहे. मी वाचायची. सोमवार, अंशतः ढगाळ, वारा मंद. मंगळवार, तसंच. रविवारपर्यंत सातही ओळी जवळपास सारख्या. मायला दोनच गोष्टी हव्या असायच्या, वारा आणि पाऊस. वारा मंद म्हटलं की ती हात जोडायची आणि उरलेला चहा बशीत ओतायची.

मी मात्र आकड्याकडे बघायची. कमाल चौतीस. चौतीस! आमच्याकडे त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. शाळेत सकाळची पाळी असूनही पोरं साडेदहाला मलूल व्हायची. मी नवऱ्याला ओरडून सांगायची, "अहो, आमचे बंधुराज हिल स्टेशनला आहेत!" आकड्याखाली बारीक करड्या अक्षरांत आणखी एक ओळ असायची, आर्द्रता इतकी, आणि 'जाणवेल' म्हणून दुसराच मोठा आकडा. मी ती वाचली नव्हती असं म्हणणार नाही. वाचली होती. वाटलं, नाजूक लोकांसाठी लिहिलेलं असेल. जे आहे ते चौतीस आहे, जाणवतं काय त्यात!

पहिल्या फोनला तो गमती सांगत होता. इथले लोक मासे खातात ते आपल्यासारखे नाहीत, काट्यासकट. भात मात्र चांगला. मग म्हणाला, "बाई, इथं समदे उघडेच बसतेत. नुसत्या चड्डीवर. मुकादम मले म्हणते, सदरा काढ. मले लाज वाटते."

"उघडा बसजो नोको," मी म्हणाले. "ऊन लागन. दुपट्टा बांधून राहाजो, कांदा खिशात ठेवजो."

"सावलीतच तं हाये मी."

"मंग तं काहीच होत नाही."

आमच्याकडे सावली म्हणजे जीव. झाडाखाली जा, पत्र्याखाली जा, वाऱ्याची एक झुळूक आली की घाम टिपला जातो आणि माणूस ताळ्यावर येतो. चव्वेचाळीसातही घाम अंगावर दिसत नाही, कधी आला आणि कधी वाळला कळत नाही. मला तेवढंच ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी त्याचा दुसरा फोन आला. माय आतल्या खोलीत कूलरसमोर झोपली होती. मी पेपर तपासत होते. त्याचा आवाज जड होता.

"बाई, मले येऊ दे. जमत नाही."

मी पेन खाली ठेवलं. मनात आलं, आलं याचं 'करमत नाही'. "काहून? काय झालं?"

"भल्ला गरम होऊन राहिलं. घाम वाळतच नाही. रात्री बी नाही. सदरा पिळला तं पाणी निघते. डोकं दुखते, जीव घाबरते. उलटी झाली सकायी."

आणि मी हसले. देवाशपथ हसले. "काय गा," मी म्हणाले, "चौतीसात मरून राहिला का? इकडे चव्वेचाळीस हाये. इकडे बाया रोजगार हमीवर माती उचलून राहिल्या. आणि तुले सावलीत बसून जायं शिवाचं जमत नाही? तुले कामच नाही पाह्यजे, सरळ सांग ना."

पलीकडे कोणाचं तरी हातोडीनं काहीतरी ठोकणं ऐकू येत होतं.

"पाहुण्यांचं नाक कापाचं हाये का तुले?" मी आणखी म्हणाले. पाहुणे म्हणजे माझा नवरा. "एक महिना काढ. गुपचूप काढ."

"बरं," तो म्हणाला. मग विचारलं, "माय कुठी हाये? दे ना मायले."

"झोपली हाये," मी म्हणाले. ती झोपली होती, हे खरं. पण उठवता आली असती. मी उठवली नाही, कारण मला माहीत होतं, तिनं त्याचा आवाज ऐकला की ती लगेच 'ये रे बाप्पा' म्हणेल आणि शुक्रवारी हा माणूस पिशवी घेऊन माझ्या दारात उभा. मी फोन ठेवला. पाच वाजता माय उठली, तिनं विचारलं फोन आला होता का. मी म्हणाले, होव, मजेत आहे.

गुरुवारी सकाळी आम्ही पुन्हा हवामान वाचलं. वारा मंद, कमाल चौतीस. मायनं हात जोडले. मी ती करडी ओळ त्या दिवशी थोडी जास्त वेळ पाहिली, पण शाळेची घाई होती.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता मुकादमाचा फोन आला. तुमचा भाऊ काम करता करता बडबडायला लागला, मग जाळ्यावरच पडला, अंग तव्यासारखं तापलंय, दवाखान्यात नेतोय. साडेचारला पुन्हा फोन आला, तो नवऱ्यानं घेतला. माझ्याकडे न बघता तो व्हरांड्यात गेला, तेव्हाच मला समजलं.

मायला आम्ही इतकंच सांगितलं की तो आजारी आहे, आणायला जातो. शेजारणीला तिच्याजवळ बसवलं. गाड्या बदलत आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. डब्यातून उतरले आणि पहिल्या श्वासालाच मला समजलं. हवा नव्हतीच ती. चुलीवर भात उकळत असताना झाकण काढून तोंड वर धरावं, तसं. शंभर पावलं चालले आणि ब्लाउज अंगाला चिकटला, तो नंतर वाळलाच नाही. सूर्य बुडाला होता. माझा भाऊ मला खोटं सांगत नव्हता.

डॉक्टर तरुण होते, चांगले बोलले. म्हणाले, दमट उकाड्यात घाम उडत नाही, शरीर आतल्या आत तापत जातं, सावलीत बसूनही. आधी दोन-तीन दिवस त्रास होत असणार, डोकेदुखी, उलट्या. काही म्हणाला होता का तो? मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, माझं मलाच ठाऊक नाही. मग त्यांनी विचारलं, "इतके कपडे का घातले होते? आणला तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला कापड घट्ट गुंडाळलेलं."

उत्तर मुकादमानं दिलं. तो दाराशी उभा होता. "आम्ही रोज सांगायचो, काढ रे बाबा. तो म्हणायचा, माझ्या बहिणीनं सांगितलंय, सोडू नको म्हणून."

तलावाचं पाणी तापलं, ढग आले आणि वारा पडला की मासे गुदमरतात, वर येऊन तोंड उघडतात, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. अशा दिवशी बाप तलावावरून हलायचा नाही. माशांचं आम्हाला सगळं समजत होतं. 'वारा मंद' ऐकून आम्ही हात जोडत होतो.

त्याला घरी आणता आलं नाही. एवढ्या उन्हाळ्यात इतक्या लांबचा प्रवास नको, सगळेच म्हणाले. तिथेच अग्नी दिला, माझ्या नवऱ्यानं दिला. त्याची पिशवी मुकादमानं हातात दिली. वर घडी केलेला दुसरा दुपट्टा होता, न वापरलेला. तो मी तिथेच एका म्हातारीला देऊन टाकला, माझ्याच्यानं उचलवेना.

घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. गावातली माणसं आली होती. शेजारणीनं न सांगताच माय समजून गेली होती. ती रडून थांबली होती आणि कूलर बंद करून भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिनं एकच विचारलं, "पाण्यात गेल्ता का?"

"नाही माय. पाण्यात नाही. उन्हानं."

"उन्हानं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिकडे तं थंड हाये म्हणत होतीस."

मी खोटं बोलू शकले असते. दवाखाना, ताप, नशीब, काहीही चाललं असतं, तिनं मानलं असतं. पण मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. माणसांसमोरच मी सांगून टाकलं. बुधवारी त्याचा फोन आला होता. येऊ दे म्हणत होता. मी नाही म्हटलं, हसले, बोलले. तुझ्याशी बोलायचं म्हणत होता, तू झोपली होतीस, मी उठवलं नाही.

मला वाटलं ती मारेल. मारावं असं वाटत होतं. तिनं हात उचललाही नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी काही मी परक्या भाषेत बोलले आहे. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मले उठवाचं ना व बाई. मी त्याले ये म्हटली असती."